मणक्याचा सीटी स्कॅन : पार्श्वभूमी

डोक्याचा पहिला सीटी स्कॅन १९७१चा. सबंध शरीर मावेल अशी यंत्रं आली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. तरी मणक्यासाठी ती सुरुवातीला फारशी कामाची नव्हती. एकेका कापाची, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदाच्या चित्राची, जाडीच जवळपास दोन मणक्यांमधल्या गादीइतकी. तोवर नस दबल्याचा संशय आला की मायलोग्राम, म्हणजे कमरेत सुई टोचून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात डाय सोडायचा. तेलकट डाय आतच राहून जाई आणि काहींच्या मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येई. सीटीचं एवढं स्वागत झालं त्यात या सुईच्या धास्तीचा वाटा मोठा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पातळ काप मिळू लागले आणि वाद पेटला तो काप घ्यायचे कसे यावर. रुळलेली पद्धत अशी : गॅन्ट्री, म्हणजे यंत्राचं गोल कडं, कलवून कमरेच्या खालच्या तीन गाद्यांना समांतर मोजकेच काप घ्यायचे, मधला भाग सोडून द्यायचा. वेळ वाचे, किरणांची मात्रा कमी राही, क्ष-किरणांची ट्यूब तापून खोळंबाही होत नसे. शिवाय फुगलेली गादी चित्रात झकास दिसे. पण गादीचा तुकडा तुटून वर किंवा खाली सरकला असेल तर तो नेमका सोडलेल्या पट्ट्यात हरवे. मणक्याच्या मागच्या कमानीतली बारीक चीरही तशीच निसटे. शेवटच्या गादीचा उतार तर कित्येकदा गॅन्ट्रीच्या आवाक्याबाहेरचा. मग गुडघ्यांखाली उशी सारून कंबर जमेल तितकी सपाट करायची. सलग कापांचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू वैद्यकीयदृष्ट्या पहिल्यापासूनच वरचढ होती, फक्त यंत्रं तेवढी दमदार नव्हती.

१९८९च्या सुमारास स्पायरल सीटी, म्हणजे न थांबता सलग टिपत जाणारा स्कॅन, आला, १९९८मध्ये एका फेरीत चार काप टिपणारी यंत्रं आली आणि वादातली हवाच गेली. आता एकदा सलग टिपलं की हवा तो कोन नंतर संगणकावर काढता येतो.

दरम्यान १९८४च्या एका अभ्यासात पाठदुखीचा त्रास कधीच न झालेल्या ५२ जणांचे स्कॅन तपासले गेले. सुमारे ३५ टक्क्यांमध्ये काही ना काही दोष दिसला. या आकड्याने जितकं सावध करायला हवं होतं तितकं केलं नाही.

गादी आणि नसांचं काम पुढे एमआरआयने बळकावलं. हाड मात्र सीटीकडेच राहिलं : अपघातातलं फ्रॅक्चर, बसवलेल्या स्क्रूची जागा, शस्त्रक्रियेनंतर हाड जुळलं की नाही. पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नसेल तर अजूनही डाय सोडूनच सीटी काढतात, सुईसकट.