‘बैजू बावरा’च्या सामन्यात ख्याल कसा आला?

१९५२च्या ऑक्टोबरात ‘बैजू बावरा’ लागला, तेव्हा नभोवाणीवर फिल्मी गाण्यांची गळचेपी चालू होती. नभोवाणी खात्याचे मंत्री बा. वि. केसकर मराठी, रागदारीचे कट्टर अभिमानी. निर्मात्यांशी त्यांचे फाटले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी एका हिंदी सिनेमाने मालकंस आणि देसी हे राग पिटातल्या प्रेक्षकापर्यंत नेले. त्या वादात ही बाजू फारशी कोणी मांडली नाही.

सिनेमाच्या शेवटी अकबराच्या दरबारात बैजू आणि तानसेन समोरासमोर गातात, त्या प्रसंगाला लोक ‘जुगलबंदी’ म्हणतात. तो सामना आहे. जुगलबंदीत कोणी कोणाला हरवायला बसत नाही. एरवी बैजूसाठी पार्श्वगायकाचा आवाज होता, पण इथे मैफलीचे दोन गवई बोलावले. तानसेनासाठी इंदूरचे अमीर खाँसाहेब, बैजूसाठी ग्वाल्हेर परंपरेतला एकतीस वर्षांचा मराठी गायक, द. वि. पलुस्कर. दोघेही ख्यालिये, म्हणजे आज मैफलीत रूढ असलेला ख्याल गाणारे, आणि जाणकारांची हरकत नेमकी इथेच आहे. बैजू आणि तानसेन हे धृपदाचे, म्हणजे ख्यालाआधीच्या जुन्या गायनप्रकाराचे, रचनाकार. ख्यालाला दिल्ली दरबारात बहर आला तो अठराव्या शतकात, दरबारी रचनाकार सदारंगांच्या बंदिशींनी. मग सोळाव्या शतकातले गवई द्रुत तीनतालात ताना, म्हणजे वेगवान स्वरावल्या, कशा घेतील?

हरकत खरी आहे. तरीही मला संगीतकार नौशाद यांचा निर्णय योग्य वाटतो. १९५२पर्यंत धृपद मोजक्या घराण्यांत उरले होते. प्रेक्षकांचे कान ख्यालावर आणि आपल्याकडे नाट्यसंगीतावर तयार झालेले. कोण वरचढ ठरतो आहे, हे त्यांना तानेतूनच कळणार होते. संथ आलाप आणि पखवाजावरचे धृपद इतिहासाला धरून झाले असते, पण हार-जीत थोड्यांनाच उमगली असती.

मुळात सामनाच दंतकथेतला. बैजूचे नाव जोडले जाते ते ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराशी, आणि तो वारला १५१६ साली. तानसेन अकबराकडे आला १५६२च्या सुमारास. अकबराच्या कारभाराची नोंद असलेल्या ‘आईन-ए-अकबरी’तल्या दरबारी गवयांच्या यादीत तानसेन पहिला आहे, बैजू नाहीच. बैजूची समाधी मात्र चंदेरीत दाखवतात.

१९५४ साली पहिल्याच फिल्मफेअर सोहळ्यात संगीताचा मान याच सिनेमातल्या ‘तू गंगा की मौज’ला, म्हणजे भैरवीला मिळाला. १९५७मध्ये विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीते सरकारी रेडिओवर परतली. सामन्यात बैजूसाठी देसी गाणारा तो मराठी आवाज त्याआधीच, १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी थांबला होता.