शेअर्ड होस्टिंग : सर्व्हर क्षमतेचे नियोजन

शेकडो ग्राहकांची संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवण्याच्या व्यवसायाला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. एका यंत्रावर किती अकाउंट घ्यायची, त्यात किती कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि किती रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) असावी, डिस्क कोणती, आणि पुढचे यंत्र केव्हा मागवायचे, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवणे म्हणजे क्षमतेचे नियोजन. या व्यवसायात प्रत्येक ग्राहकाला सांगितलेल्या क्षमतेची बेरीज प्रत्यक्ष यंत्रापेक्षा नेहमीच मोठी असते. खानावळवाला साठ मेंबर घेतो आणि वीस ताटांची पंगत मांडतो, कारण साठही जण एकाच वेळी येत नाहीत हे त्याला ठाऊक असते. त्यात फसवणूक नाही. मात्र वीसच ताटे का, पंचवीस का नाहीत, याचे उत्तर त्याच्याकडे असायला हवे. बहुतेक होस्टिंगवाले हे उत्तर डिस्कच्या जागेवरून काढतात. तिथेच हिशेब चुकतो, कारण जागा बहुधा सर्वांत शेवटी संपते.

या विचाराचे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या वर्दळीवर पहिला शोधनिबंध लिहिला. हजारो वर्गणीदारांसाठी एक्स्चेंजमध्ये किती लाइनी पुरतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि होस्टिंगवाल्यापुढेही नेमका तोच आहे. पुढे १९६१ साली अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला : एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा काळ. दुकान असो, दवाखाना असो की वेब सर्व्हर, दीर्घकालीन सरासरीसाठी हा नियम लागू पडतो. या नोंदीतील सर्वांत उपयोगाचे आकडे त्यातूनच निघतात.

एका यंत्रावर अनेक संकेतस्थळे स्वस्तात ठेवणे १९९७ नंतर सोपे झाले. त्या वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीच्या मानकाने ब्राउझरला प्रत्येक मागणीत संकेतस्थळाचे नाव पाठवणे बंधनकारक केले. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) देण्याची गरज उरली नाही. सुरक्षित जोडणीसाठी अशीच सोय करणारे एसएनआय हे तंत्र २००३ साली मानकात आले. प्रत्यक्ष प्रसाराला बराच काळ लागला, आणि २०१५च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे सर्वांना खुली झाल्यावर लहानातल्या लहान साइटलाही कुलूप मिळाले. भारतात हा धंदा गावोगावी पोहोचला तो मुख्यतः रिसेलर पद्धतीने, म्हणजे घाऊक होस्टिंग घेऊन ते आपल्या ग्राहकांना विकणाऱ्यांमार्फत. १९९८ साली मुंबईत सुरू झालेल्या डायरेक्टी समूहाचा रिसेलरक्लब हा त्यातला ठळक ब्रँड. समूहाचा हा व्यवसाय २०१४ साली एंड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने घेतला. नियोजनाच्या दृष्टीने रिसेलर अवघड असतो. आपल्या वहीत तो एक ग्राहक असतो, पण त्याच्यामागे चाळीस साइट असू शकतात आणि त्या कुणाच्या, कशाच्या, हे आपल्याला कळत नाही.

एका सर्व्हरचा हिशेब

समजा यंत्र १६ कोअर आणि ६४ जीबी रॅमचे आहे. त्यावर ३०० अकाउंट आहेत, त्यांतली बहुसंख्य वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरची. कॅशमधून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून, दिलेले पान जवळजवळ फुकट पडते, म्हणून मोजायची ती पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) आणि डेटाबेस चालवून तयार होणारी पाने. प्रत्येक अकाउंटवर दिवसाला सरासरी अशी २,००० पाने धरू, त्यांत माणसेही आली आणि बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम, तेही आले. एकूण ६ लाख पाने. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की सेकंदाला जेमतेम ७. हा आकडा पाहून निश्चिंत होणारा माणूस फसतो. गर्दीच्या एका तासात दिवसाची १० टक्के वर्दळ येते असे धरले तर सेकंदाला सुमारे १७ पाने होतात, आणि त्या तासातल्या सर्वांत वाईट मिनिटांत त्याच्या दुप्पट, म्हणजे ३३. सरासरीच्या जवळपास पाचपट. यंत्र घ्यायचे ते या ३३ साठी.

एका पानाला प्रोसेसरचा पाव सेकंद लागत असेल तर १६ कोअर मिळून सेकंदाला ६४ पाने काढू शकतात. ३३ पाने म्हणजे ५२ टक्के भार, तेव्हा यंत्र सुखाने चालेल. अकाउंट ५०० केली की तीच गर्दी ५५ पानांवर, म्हणजे ८७ टक्क्यांच्या आसपास जाते. कागदावर १३ टक्के जागा अजून शिल्लक दिसते, पण रांगेचे गणित सरळ रेषेत चालत नाही. एकच खिडकी असलेल्या रांगेत ५० टक्के भाराला कामाचा एकूण वेळ दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. खिडक्या, म्हणजे कोअर, जास्त असल्या की ही चढण उशिरा लागते, पण लागली की अधिक उभी असते. म्हणून गर्दीच्या मिनिटांतही भार ६५ टक्क्यांच्या आत ठेवणे शहाणपणाचे. आपल्या यंत्रावर ते सेकंदाला साधारण ४१ पाने होतात.

आता रॅम. ऑपरेटिंग सिस्टिम, कंट्रोल पॅनेल (अकाउंट सांभाळण्याचे सॉफ्टवेअर), डेटाबेसचा बफर, मेलची स्पॅम आणि व्हायरस तपासणी, फाइलींची कॅश, एवढे वजा केल्यावर पीएचपीसाठी सुमारे २८ जीबी उरतात असे समजू. एक पीएचपी प्रोसेस (एका मागणीचे पान तयार करणारा चालू प्रोग्रॅम) ८० एमबी खाते. पान ०.४ सेकंदात बाहेर पडत असेल तर लिटल यांच्या नियमाने ३३ गुणिले ०.४, म्हणजे एका वेळी फक्त १३ प्रोसेस चालू असतील. एक जीबीच्या आसपास काम भागते. मग सर्व्हर अचानक का कोसळतात?

कोसळतात ते पाने थांबून राहिल्यामुळे. एखाद्या लोकप्रिय प्लगिनचा परवाना तपासणारा दूरचा सर्व्हर, पेमेंट गेटवे किंवा एसएमएस पाठवणारी सेवा उत्तर देईनाशी होते. पान ३० सेकंद वाट पाहत बसते. दर तिसऱ्या मागणीचे असे झाले तर सेकंदाला ११ मागण्या गुणिले ३०, म्हणजे ३३० प्रोसेस नुसत्या बसून राहतात. त्यांना लागणारी रॅम २६ जीबी. प्रोसेसर त्या वेळी मोकळा दिसतो, वर्दळ तेवढीच असते, आणि तरी यंत्र काठोकाठ भरलेले असते. प्रोसेसर कमी पडला तर सगळे हळू होते. रॅम संपली तर आधी स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी मंद डिस्कचा वापर, सुरू होते, मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच प्रोसेस मारू लागते, आणि बहुधा सर्वांत जास्त रॅम धरून बसलेला डेटाबेस आधी जातो. मग ज्या २९९ ग्राहकांचा काहीही दोष नाही त्यांच्याही साइट डाऊन होतात. रॅमच्या बाबतीत काटकसर नको, असे जुने लोक बजावतात ते यासाठी.

एकाचा त्रास सर्वांना होऊ नये म्हणून

प्रत्येक अकाउंटला कुंपण घालणे हा क्षमतेच्या नियोजनाचाच भाग आहे. कुंपण नसेल तर वरचा सगळा हिशेब एका बेफाम स्क्रिप्टच्या दयेवर राहतो. २००९ साली इगोर सेलेत्स्की यांनी स्थापन केलेल्या क्लाउडलिनक्स कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने हे काम सोपे केले. प्रोसेसर, रॅम, डिस्कवरचे वाचन-लेखन, प्रोसेसची संख्या आणि एका वेळी आत शिरणाऱ्या मागण्या यांवर ती अकाउंटनिहाय मर्यादा घालते. आत शिरणाऱ्या मागण्यांची मूळ मर्यादा २० आहे. ती ओलांडली की पाहुण्याला ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. ग्राहक ही २० ची मर्यादा म्हणजे दिवसाला वीसच माणसे असे समजतो आणि चिडतो. पान अर्ध्या सेकंदात निघत असेल तर २० मागण्यांच्या मर्यादेत सेकंदाला ४० पाने बसतात, हे त्याला शांतपणे समजावून सांगणे सपोर्टवरच्या माणसाचे काम आहे. तेच पान दहा सेकंद घेत असेल तर मात्र सेकंदाला दोनच बसतात. तेव्हा मर्यादा वाढवून उपयोग नसतो, पान दुरुस्त करावे लागते.

३०० अकाउंटना प्रत्येकी १ जीबीची मर्यादा दिली तर कागदावर ३०० जीबी विकली गेली आणि हातात आहेत २८. एवढी जास्तीची विक्री चालते, कारण अकाउंटमधला वापर अत्यंत विषम असतो. बहुतेक साइट दिवसभर झोपलेल्या असतात आणि मूठभर अकाउंट निम्म्याहून अधिक यंत्र खातात. म्हणून सरासरी अकाउंट ही कल्पनाच फारशी कामाची नाही. यंत्रावरची पहिली दहा अकाउंट कोणती, हे दर आठवड्याला पाहणारा होस्टिंगवाला पुष्कळ पुढे असतो. त्यांतली दोन वेगळ्या व्हीपीएसवर (स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) हलवली तर शंभर नव्या अकाउंटची जागा होऊ शकते.

ही मूठभर अकाउंट ऋतूप्रमाणे बदलतात. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या दुकानांची गर्दी दिवाळीच्या काही आठवडे आधी येते, कारण कुरियरला वेळ लागतो. या दुकानांत प्रत्येकाची खरेदीची पिशवी वेगळी असल्याने पान कॅश करता येत नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी स्थानिक बातम्यांच्या साइटवर एकदम लोंढा येतो, पण तिथे सर्वांना एकच पान हवे असते आणि कॅश लावलेली असेल तर साधा सर्व्हरही तो सहज पेलतो. दोन्हीकडे हिट सारखेच दिसले तरी यंत्रावरचे ओझे वेगळे असते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या क्रॉलरांची भर पडली आहे. माणसे ताजी पाने वाचतात, क्रॉलर मात्र दहा वर्षांपूर्वीची, कॅशमध्ये नसलेली पानेही उघडतात. त्यामुळे माणसांची संख्या न वाढताही भार वाढतो.

आणखी काही गर्दी होस्टिंगवाला स्वतःच तयार करतो. सगळ्यांचे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे) तासाच्या पहिल्याच मिनिटाला लागलेले असतात, आणि बॅकअप मध्यरात्री सुरू होतो. भारतातली मध्यरात्र म्हणजे अमेरिकेतली दुपार. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाची साइट नेमकी तेव्हाच गजबजलेली असते. वेळा विखुरणे हा क्षमता वाढवण्याचा बिनपैशाचा उपाय आहे.

डिस्कचा प्रश्न जीबीपेक्षा फाइलींच्या संख्येचा असतो. एक्स्ट४ या फाइल प्रणालीत इनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदींची, संख्या डिस्क तयार करतानाच ठरते, नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक, म्हणजे १ टीबीला सुमारे ६.७ कोटी. प्रत्येक ईमेल, प्रत्येक कॅशचा तुकडा, प्रत्येक सेशन ही एक फाइल. जागा शिल्लक असून फाइल तयार होत नाही, हा अनुभव त्यातून येतो. ‘अमर्यादित जागा’ अशी जाहिरात करणाऱ्या प्लॅनच्या अटींत इनोडची मर्यादा लिहिलेली असते. ती अटींच्या तळाशी न ठेवता प्लॅनच्या किमतीशेजारी छापावी.

मेलच्या बाबतीत अजून एक गोष्ट सामाईक असते, ती म्हणजे आयपीची पत. एका अकाउंटचा पासवर्ड चोरीला जाऊन स्पॅम सुटला की त्या आयपीवरून जाणारी सर्वांची पत्रे परत येऊ लागतात. म्हणून ताशी पत्रांची मर्यादा घालणे हेही क्षमतेचेच राखण आहे.

किती मोठे यंत्र?

मोठे यंत्र प्रति अकाउंट स्वस्त पडते. जून २०१९ पूर्वी सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलचा परवाना यंत्रामागे असल्याने हा मोह अधिकच होता. कंपनीने तेव्हा अकाउंटच्या संख्येवर दर लावण्याची घोषणा केली आणि अनेकांची गणिते रातोरात बदलली. न वापरलेली अकाउंट काढून टाकणे, एका अकाउंटमध्ये अनेक डोमेन बसवणे, दुसरे पॅनेल शोधणे, असे सगळे त्यानंतर सुरू झाले.

पण यंत्राचा आकार परवान्यावरून किंवा कोअरवरून ठरवू नये. तो ठरवावा रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून सगळे परत उभे करण्याच्या, वेळेवरून. १.५ टीबी माहिती १ जीबीपीएस जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबीने येते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी ३ तास २० मिनिटे. लाखो लहान फाइली असल्या तर हा वेग कुठल्या कुठे खाली येतो आणि रात्र उलटते. आपण ग्राहकांना किती तास बंद राहा असे सांगू शकतो, हे आधी ठरवावे आणि तेवढ्या तासांत परत उभी राहील एवढीच माहिती एका यंत्रावर ठेवावी. हा आकडा नुसता कागदावर न मोजता, वर्षातून दोनदा खरोखर बॅकअप उतरवून मोजावा.

मापनासाठी नुसता लोड ॲव्हरेज (चालू आणि वाट पाहणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या) पुरत नाही, कारण लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्यात डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजते. डिसेंबर २०१८ मधल्या लिनक्स ४.२० पासून आलेली प्रेशर स्टॉलची आकडेवारी अधिक स्पष्ट आहे : प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांच्यासाठी कामे किती टक्के वेळ खोळंबली ते ती वेगवेगळे दाखवते. त्याचे दर मिनिटाचे आकडे वर्षभर साठवले तर मागच्या वर्षीची दिवाळी यंदाच्या ऑर्डरच्या वेळी समोर असते.

सर्व्हर गर्दीच्या वेळी ठरवलेल्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर आला की त्यावर नवी अकाउंट घेणे थांबवावे. उरलेली जागा जुन्या ग्राहकांची आहे. फोटो, प्लगिन, ईमेल वाढवत तेही वाढतच असतात. नवे यंत्र त्या दिवशी मागवायचे, कारण ते येऊन, तपासून, बॅकअपला जोडून तयार व्हायला दिवस लागतात. जड अकाउंट त्यावर हलवताना डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता देणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुने उत्तर लक्षात ठेवण्याचा काळ, दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणून ठेवायचा, आणि हलवल्यानंतर जुन्या जागी येणारी मेल आठवडाभर नव्या जागी पाठवत राहायची.