शेडर कंपाइल त्रुटी

जीपीयूवर (चित्रे काढणाऱ्या प्रक्रियकावर) चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करताना, उद्भवणारे दोष आणि ते शोधण्याची पद्धत.

या समस्येचा आरंभ कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. पिक्सारच्या रेंडरमॅन संकेतात (१९८८) शेडरसाठी स्वतंत्र भाषा होती. तथापि तेथे चित्रनिर्मितीपूर्वीच कंपाइल होत असल्याने दोष लेखकाच्याच संगणकावर उघड होत. २००२ च्या सुमाराच्या ओपनजीएल या चित्रणप्रणालीच्या असेंब्लीसदृश (यंत्रभाषेजवळच्या) विस्तारांत दोषाचे स्थान ओळीने नव्हे, तर मजकुरातील बाइटच्या क्रमांकाने मिळे. आजचे स्वरूप ओपनजीएल २.० (२००४) पासूनचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण जीएलएसएल या तिच्या शेडर-भाषेचा कंपायलर ड्रायव्हरमध्येच (जीपीयू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) गेला आणि एकाच मजकुराचा निवाडा यंत्रागणिक बदलू लागला.

ओपनजीएलमध्ये कंपाइल फसले तरी नेहमीचा त्रुटी-संकेत उमटत नाही. स्थिती वेगळी विचारून माहितीनोंद (दोषांचे संदेश असलेला मजकूर) मागवावी लागते. हे न केल्यास पडदा नुसता काळा राहतो. नागपूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने दीक्षाभूमीच्या घुमटावरील उन्हाची छटा डेस्कटॉप ओपनजीएलमध्ये साधली आणि तोच शेडर थ्री-जेएस या ब्राउझरमधील चित्रणाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत नेला, असे समजू. फ्लोट (दशांश संख्येच्या) चलाला दशांशचिन्हाविना १ दिलेला डेस्कटॉपवर खपून गेला असेल, पण ब्राउझरमधील वेबजीएलच्या जीएलएसएल-ईएस या शेडर-भाषेत पूर्णांकाचे आपोआप रूपांतर होत नाही. अशा वेळच्या त्रुटीसंदेशातील ‘०:८७’ म्हणजे शून्याव्या मजकूरखंडाची ८७ वी ओळ. विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये मात्र वीसच ओळी असतात, कारण थ्री-जेएस आरंभी स्वतःच्या घोषणा जोडते. म्हणून जीपीयूकडे गेलेला अंतिम मजकूर छापून त्यातच ओळ शोधणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

जीएलएसएल-ईएस ३.०० मध्ये व्हर्जनची (भाषेची आवृत्ती सांगणारी) सूचना अगदी पहिल्या ओळीवर हवी. जावास्क्रिप्टमधील उलट्या अवतरणचिन्हानंतर (`) एंटर दाबले, की ती दुसऱ्या ओळीवर जाते आणि बाकी निर्दोष शेडर नाकारला जातो. फ्रॅगमेंट (रंग ठरवणाऱ्या) शेडरमध्ये फ्लोटची अचूकता घोषित न करणे, हाही नित्याचा दोष. व्हर्टेक्स (आकाराच्या बिंदूंची जागा ठरवणाऱ्या) व फ्रॅगमेंट शेडरमधील सामायिक चलांचे प्रकार जुळत नसतील, तर दोन्ही कंपाइल होतात आणि दोष लिंक करताना, म्हणजे दोन्ही एकत्र जोडताना, निघतो. त्याची माहितीनोंद वेगळी मागवावी लागते.

व्हल्कन या नंतरच्या चित्रणप्रणालीत (२०१६) ड्रायव्हरला स्पिअर-व्ही (SPIR-V) हे आधीच कंपाइल केलेले मध्यवर्ती रूप दिले जाते. त्यामुळे व्याकरणाचे दोष पुन्हा लेखकाच्याच संगणकावर निघतात.