बोटुकली सोडणं वेगळं, पिंजरा टाकणं वेगळं

धरणात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) मोकळी सोडली तरी ‘धरणातलं मत्स्यपालन’ आणि पिंजरे, म्हणजे पाण्यात तरंगते जाळीचे कप्पे, टाकून त्यांत मासे वाढवले तरी तेच. त्यामुळे एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. ‘मासे पाणी स्वच्छ ठेवतात’ हे वाक्य पिंजऱ्यांच्या समर्थनात ऐकलं की मला राहवत नाही.

बोटुकलीचं तुम्हाला ठाऊक आहेच: कटला, रोहू, मृगळ सोडायचे, वाढले की सोसायटीच्या मच्छीमारांनी जाळं टाकायचं. पिंजऱ्यात बहुधा पंगस किंवा चिलापी. नेहमीचा पिंजरा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ४ मीटर खोल. जात, जाळं, परवाना हे फरक किरकोळ.

मासा कुठलं खाऊन वाढतो, ते विचारा. मोकळा कटला धरणातच तयार झालेल्या प्लवंगांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, वाढतो. तो बाजारात गेला की त्याच्या अंगातला फॉस्फरसही धरणाबाहेर जातो. पिंजऱ्यातला मासा वाढतो गोणीतून आणलेल्या गोळी खाद्यावर. १ टन माशाला साधारण दीड टन खाद्य लागतं. त्यात १ टक्का फॉस्फरस धरला, तर १५ किलो धरणात आला. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. बाकीचा सुमारे १० किलो विष्ठेतून आणि उष्ट्या खाद्यातून पाण्यातच राहतो, शेवाळाला खत म्हणून. तिकडे वजाबाकी, इकडे बेरीज. शेततळ्यातही खाद्य घालतात, पण ते पाणी शेतकरी स्वतःच्याच पिकाला देतो. धरण सगळ्यांचं असतं.

‘एवढ्या पाण्यात काय फरक पडतो?’ उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यात मिसळत नाही. तळाशी ही सगळी घाण कुजते, तिथला प्राणवायू संपतो. मग गार पाऊस आणि वारा आला की थर ढवळतात आणि ते निर्जीव पाणी वर येतं. फिलिपिन्सच्या ताल सरोवरात मे २०११मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, पिंजऱ्यांतले शेकडो टन मासे असेच गुदमरून मेले. मोकळा मासा निदान दुसरीकडे पळू शकतो.

उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येऊन पाणी आधीच हिरवं झालंय. तिथे मी बोटुकलीच्याच बाजूचा. पिंजरा टाकायचाच असेल, तर आधी पाण्यातला फॉस्फरस मोजा आणि पिंजरे किती ते त्या आकड्यावरून ठरवा.