साइटवरचं एन्व्हायर्नमेंट मॉनिटरिंग आणि इंटर्नल ऑडिट, दोन्हीत नेमका फरक काय?

बिल्डिंग असो, मेट्रो असो की हायवे, कुठल्याही मोठ्या साइटच्या ऑफिसात जाऊन म्हणा की तुमचं एन्व्हायर्नमेंट ऑडिट दाखवा, बऱ्याच ठिकाणी लॅबच्या रिपोर्टची जाडजूड फाईल पुढे येते. हवा, पाणी, आवाज, डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) धूर, सगळं मोजलेलं, खाली सही-शिक्का. चांगली गोष्ट आहे, पण हे ऑडिट नाही, मॉनिटरिंग आहे. आणि ऑडिट झालंय असं जिथे छातीठोकपणे सांगतात तिथे पुष्कळदा एक चेकलिस्ट असते, साइटवर चक्कर मारून टिक केलेली, म्हणजे तो झाला साइट राउंड. या गोंधळामुळे कंपनीला वाटत राहतं की आपण रिस्कवर लक्ष ठेवून आहोत आणि एखाद दिवशी थेट काम थांबवण्याची नोटीस येते.

सरळ सांगायचं तर मॉनिटरिंग विचारतं, आज इथे धूळ किती, नाल्यात जाणारं पाणी कसं, आवाज किती. ऑडिट विचारतं की धूळ वाढली तर ते कोणाला कळतं, तो माणूस काय करतो, आणि त्याने ते केलं हे आपल्याला कशावरून समजतं. एकाचा विषय हवा-पाणी, दुसऱ्याचा विषय कंपनी स्वतः. आयएसओ १४००१:२०१५ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येही दोन्ही वेगवेगळी आहेत, कलम ९.१ मध्ये मोजमाप आणि ९.२ मध्ये इंटर्नल ऑडिट, पण नंबर शेजारी शेजारी असल्यामुळे असेल कदाचित, मॅन्युअल लिहिताना दोन्ही एकाच चॅप्टरमध्ये कोंबतात आणि काम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं.

धुळीचं उदाहरण घेऊ कारण मुंबईत सध्या सगळ्यात जास्त तेच गाजतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीएमसीने बांधकामांसाठी धुळीची नियमावली काढली, त्यात एक एकरापेक्षा मोठ्या प्लॉटला ३५ फुटी पत्रे, लहान प्लॉटला २५ फुटी, इमारतीला हिरवं कापड, पाणी मारणं, आणि साइटवर सेन्सरवाला एअर मॉनिटर. लोकांनी सेन्सर लावले, गेटवर डिस्प्ले लावला, झालं. पण त्याच नियमात पुढे हेही आहे की लेव्हल वाढलेली दिसली की ताबडतोब उपाय करा. म्हणजे सेन्सर हा अर्धाच नियम आहे, उरलेला अर्धा माणसांनी करायचाय आणि तो होतोय का हे सेन्सर कधीच सांगणार नाही.

आता समजा १२ जानेवारीला रात्री ११ ते २ या वेळात पीएम १० चा, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांचा आकडा ३०० च्या वर गेला. दिवसभर काम शांत होतं म्हणून २४ तासांची सरासरी आली ८८. देशाचं २००९ चं स्टँडर्ड २४ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे रिपोर्ट क्लीन. मॉनिटरिंगने आपलं काम चोख केलं, आकडा नोंदवला, पण त्या आकड्यापाशी कोणी थांबलंच नाही. ऑडिटर मात्र ही तारीख उचलतो आणि कागद मागायला लागतो. अलर्टचा एसएमएस कोणाला गेला? तर ज्या इंजिनिअरची दुसऱ्या साइटवर बदली झाली त्याच्याच नंबरवर अजून जातोय. त्या रात्री काय चालू होतं? गेट रजिस्टरमध्ये डेब्रिजचे (राडारोड्याचे) डंपर दिसतात. पाण्याचा टँकर कुठे होता? टँकरच्या लॉगबुकात संध्याकाळी ७ नंतर एकही फेरी नाही. का नाही, तर टँकरवाल्याच्या वर्क ऑर्डरमध्ये फक्त दिवसपाळी लिहिलीय. इथे आलं मूळ कारण हातात, आणि ते धुळीत नाही, परचेस डिपार्टमेंटच्या एका कागदात आहे. हे कुठलंही मशीन शोधून देणार नाही, त्यासाठी कोणीतरी चार रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की ऑडिटमध्ये परत धूळ मोजत बसणं हा ऑडिटचा दिवस वाया घालवणं आहे. आणि मॉनिटरिंगच्या बाबतीत उलट, तिथे आकडा त्याच दिवशी वाचणारा माणूस नसेल तर ते मॉनिटरिंग म्हणायच्या लायकीचं नाही, नुसता साठा आहे. कंपनीने स्वतःची एक आतली मर्यादा ठरवावी, कायद्यापेक्षा खाली आणि तासाच्या आकड्यावर, ती ओलांडली की पाणी मारायचं, डंपर थांबवायचे, काय ते आधीच ठरलेलं हवं. एक काळजी घ्या, तासाचा आकडा घेऊन सरळ १०० शी तुलना करून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका, ते स्टँडर्ड २४ तासांचं आहे. आणि स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या आधारे कण मोजतात, दमट हवेत ते जास्त दाखवतात, मुंबईत तर हा प्रश्न कायमचा, तेव्हा फिल्टर पेपरवाल्या सॅम्पलरशी अधूनमधून ताडून बघावंच लागतं. सॅम्पलर कुठे ठेवलाय तेही बघा, सिक्युरिटी केबिनच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला ठेवलेला सॅम्पलर नेहमीच छान आकडे देतो.

पाण्याचं तर विचारूच नका, पावसाळ्यात खरी परीक्षा तिथे होते. बॅचिंग प्लांट (काँक्रीट बनवायची जागा) आणि ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट आणणारा ट्रक) धुतलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, सिमेंटमुळे, आणि नदी-नाल्यात सोडायचं पाणी ५.५ ते ९ मध्ये हवं, तरंगणारा गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत. मॉनिटरिंगवाला सेटलिंग टँकच्या शेवटच्या कप्प्यातून बाटली भरून लॅबला पाठवतो. ऑडिटर बाटली भरत नाही, तो विचारतो की टँकमधला गाळ शेवटचा कधी काढला, कोणी काढला, काढून टाकला कुठे, जोराचा पाऊस आला तर पाणी टँकला वळसा घालून कुठून जातं, आणि हे सगळं तुमच्या रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत लिहिलंय का. पुष्कळ रजिस्टरांत डिझेल गळती असते, डेब्रिज असतं, पण बेसमेंटच्या खड्ड्यातून पंपाने उपसलेलं गढूळ पाणी नसतं, कारण रजिस्टर हेड ऑफिसने बनवलेलं आणि खड्डा साइटवरचा. जे रजिस्टरमध्येच नाही ते कोणी मोजत नाही. म्हणून ऑडिटचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे वाटतो, आपण काय मोजतच नाही आहोत ते त्यातून कळतं.

मग दोन्ही कोणी करायचं? मॉनिटरिंग साइटच्याच लोकांनी, रोजचं काम आहे, सोबत मान्यताप्राप्त लॅब. ऑडिट मात्र साइटच्या बाहेरच्या माणसाने, दुसऱ्या प्रोजेक्टवरचा इंजिनिअर चालेल, पण ज्याने रजिस्टर भरलं त्यानेच ते तपासायचं हे नको, आयएसओमध्येही ऑडिटर निःपक्ष असावा असंच आहे. आणि त्याने रिपोर्ट प्रोजेक्ट मॅनेजरच्या वरच्या माणसाला द्यावा, कारण प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोक्यावर स्लॅबची तारीख असते, त्याला दोष देऊन उपयोग नाही, तारीख त्याच्या जागी खरीच असते.

एक तिसरी गोष्टही यात मिसळते, सहामाही कम्प्लायन्स रिपोर्ट. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) नोटिफिकेशनखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींचा रिपोर्ट दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो सरकारसाठी आहे. त्यात मॉनिटरिंगचे आकडे जातात, अटींपुढे 'पालन केले' लिहिलं जातं, पण त्यामुळे इंटर्नल ऑडिट झालं असं होत नाही. खरं तर ऑडिटने हा रिपोर्टच तपासायला हवा, 'पालन केले' लिहिलंय तिथे पुरावा काय, फोटो कधीचा, डेब्रिज अधिकृत जागी गेलं म्हणता तर पावत्या किती आणि डंपरच्या फेऱ्या किती, दोन्ही जुळतात का. नुसता हा फेऱ्या-पावत्यांचा मेळ घातला तरी बरंच काही बाहेर येतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने एन्व्हायर्नमेंट ऑडिट रूल्स आणलेत, त्यात नोंदणीकृत बाहेरचे ऑडिटर आहेत. काही जणांना वाटतंय आता आतलं ऑडिट बंद केलं तरी चालेल. नाही चालणार. बाहेरचा माणूस येतो, नियम पाळला की नाही बघतो आणि जातो, तुमच्या टँकरच्या वर्क ऑर्डरमध्ये रात्रपाळी घालणं हे त्याचं काम नाही.

आणि ऑडिटमध्ये निघालेली एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नोंदवलेली त्रुटी) बंद कशी करतात तेही बघत जा. 'कामगारांना सूचना दिल्या, टूलबॉक्स टॉक घेतला' (म्हणजे कामगारांशी साइटवरच छोटी बैठक) एवढं लिहून बंद केलेली एनसी पुढच्या ऑडिटला जशीच्या तशी परत येते. वरच्या उदाहरणात एनसी तेव्हाच बंद करावी जेव्हा वर्क ऑर्डर बदललीय, एसएमएसचा नंबर बदललाय, आणि पुढच्या महिनाभराच्या रात्रीच्या आकड्यांत फरक दिसलाय. तो फरक दाखवायला परत मॉनिटरिंगच लागतं.