तिन्हीसांजेला अडखळणारं मूल

कानाला श्रवणयंत्र लावलेलं मूल तिन्हीसांजेला उंबऱ्याला अडखळतं, ताटाशेजारचा पेला कलंडवतं. घरचे त्याला धांदरट म्हणतात, गाजरं खाऊ घालतात. पण बहिरेपणाच्या जोडीला रातांधळेपणा दिसला, तर अशर सिंड्रोमची शंका घ्यायलाच हवी. हा आजार आनुवंशिक असल्याचं स्कॉटलंडचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये ठासून मांडलं.

कान आणि डोळा एकाच वेळी कसे बिघडतात? कानाच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांचे झुबके असतात. हे केस एकमेकांना बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. आवाजाने ते कलले की धागा ताणला जातो आणि पेशीतून संदेश निघतो. हे धागे कॅडेरिन-२३ आणि प्रोटोकॅडेरिन-१५ या दोन प्रथिनांचे बनतात, आणि डोळ्याच्या पडद्यालाही ही प्रथिनं लागतात. त्यांच्या किंवा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या इतर प्रथिनांच्या जनुकात दोष असला, की दोन्हीकडे घाव बसतो. कान बहुधा जन्मापासूनच अधू असतो. पडद्यावरच्या, अंधूक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी मात्र हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग नजर कडेकडेने आक्रसत जाते आणि नळीतून पाहावं तेवढंच समोरचं उरतं.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला, तरच आजार होतो. असे दोघे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष बाळगणारे, असतील तर प्रत्येक अपत्याला धोका २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे आणि नात्यात तोच दोष दोघांकडे असू शकतो, म्हणून हे आवर्जून सांगतो.

बहिरा माणूस ओठ वाचतो, हातांच्या खुणा पाहतो. त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर. इथे तोच आधार दर काही वर्षांनी थोडा थोडा सुटत जातो. त्यामुळे एकदा सावरून भागत नाही. आज दिव्याखाली बसून बोलणारा उद्या समोरच्याच्या हातांवर हात ठेवून खुणा समजून घ्यायला शिकतो. नजर शाबूत असतानाच ब्रेल आणि पांढरी काठी हाती आली, तर पुढचं वळण सोपं जातं. म्हणूनच प्रत्येक बहिऱ्या मुलाचे डोळे लहानपणीच तपासले पाहिजेत, असं मला कळकळीने वाटतं. निदान लांबलं, तर तयारीची वर्षं हातची जातात. कानात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, बसवता येतं. डोळ्याच्या पडद्याची झीज थांबवणारा खात्रीचा इलाज अजून नाही.

मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ पासून बहिऱ्या-अंध मुलांना शिकवते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २००७ च्या सुमारास बहिऱ्या-अंध माणसांनीच स्पर्शाच्या संवादाची एक नवी रीत घडवायला घेतली. तिला प्रोटॅक्टाइल म्हणतात. बोलणाऱ्याचे हात ऐकणाऱ्याच्या हातात असतात, आणि ऐकणारा मोकळ्या हाताने त्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटत राहतो: ऐकतोय, पुढे सांग.