होडी बांधली की वही
दाभोळच्या खाडीकाठी आमच्या शेजारचे तात्या रोज वही लिहितात. मतलई वारा कधी पडला, पाणी किती चढलं, जाळ्यात काय आलं, अशा पाचसहा ओळी. मला रात्री नऊची वेळ ठरवूनही ते कधी जमलं नव्हतं, म्हणून एकदा विचारलं, "तात्या, किती वाजता लिहिता?"

"वेळ कसली गो? होडी बांधली, पाय धुतले, की चहा येईपर्यंत लिहायचं."

भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानाने कळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ज्याचा दिवसच असा सरकतो त्याने घड्याळावर विसंबायचं कसं? तात्यांनी वही एका कामाच्या शेपटाला बांधली, आणि मला वाटतं सगळं मर्म तिथेच आहे.

सवय म्हणजे खूण आणि कृती यांची मेंदूत बसलेली गाठ. तीच खूण, तीच जागा, पुन्हा पुन्हा तीच कृती; मग खूण दिसताच हात आपसूक वळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना अशी एकेक कृती १२ आठवडे रोज करायला सांगितली. न्याहारीनंतर, जेवणाआधी, अशा ठरलेल्या खुणेवर. हा आपसूकपणा पुरता मुरायला लागणारा काळ मधल्या माणसाला ६६ दिवस निघाला. कोणाला १८, तर कोणाला २५४; हा मोठा आकडा १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा हिशेब करून काढलेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. '२१ दिवसांत सवय' हे ऐकून जे बाविसाव्या दिवशी निराश होतात, त्यांना हे सांगायलाच हवं. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली मांडलेल्या निरीक्षणातून आला. रुग्णांना आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

लॅलींच्या प्रयोगातल्या कृती खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या. लिहिणं त्याहून अवघड. वाक्य सुचणं कधीच आपसूक होत नाही, तिथे दरवेळी डोकं लावावंच लागतं. आपसूक होतं ते वही उघडून बसणं. म्हणून सवय लावायची ती बसण्याची. ओळी दोन झाल्या तरी चालतील.

खूण गेली की सवयही डळमळते. पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारली जाते, आणि तात्यांच्या जुन्या वह्यांत जून-जुलैची पानं कोरी आहेत. यंदा त्यांनी पावसाळ्यापुरती खूण बदलली: गाईची धार काढून झाली की ओटीवर वही.

मी नऊची वेळ सोडली. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावते आणि तिथेच पायरीवर बसते. आज ४१वा दिवस. मधे दोनदा चुकलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले.